उंट, होडी आणि वाटणी

नेवासा डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर वैजनाथरावांना घरी सगळं होतं, फक्त तिकीट विचारायला माणूस नव्हतं.

सोनईच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला, दोघा भावांचं एक घर. धाकटा सहादेव ऊस, कांदा आणि गोठ्यातल्या गाई बघायचा. वैजनाथरावांच्या मुली सासरी नांदत होत्या, सहादेवची रोहिणी नगरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. घरात उरली चार माणसं आणि एक चूल. चूल म्हणजे आता गॅसची शेगडीच, पण माणसांच्या तोंडात अजून चूल होती. त्या एका चुलीपुढे थोरली भागिरथी आणि धाकटी राजेश्वरी या दोघी जावांचा सगळा संसार गेला होता. एकीनं पीठ मळावं, दुसरीनं थापावं. एकीनं फोडणी द्यावी, दुसरीनं शिंकावं. भागिरथीच्या आवाजात अजून ओवी होती. तवा तापेपर्यंत ती गुणगुणायची:

एका चुलीचा गं धूर, दोघींच्या डोळी गेला
माझ्या जावेच्या पदरानं, माझा डोळा कोरडा झाला

गावात भाऊ-भाऊ वेगळे होत होते, घरांच्या मधोमध भिंती उठत होत्या. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना लोक अजून या घराची वाट दाखवायचे आणि सांगायचे, हे बघा, एकत्र राहतात. वैजनाथराव हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मग दिवसभर खुशीत असायचे.

दिवाळीच्या सुट्टीत रोहिणी आली आणि तिनं दोन कामं केली. घरच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आणि नानांना, म्हणजे वैजनाथरावांना, मोबाईलवर माहिती कशी शोधायची ते शिकवलं. ती म्हणाली, ज्यातून आपण इंटरनेटवर जातो त्याला ब्राउजर म्हणतात; असे पुष्कळ आहेत, कोणताही घ्या. वैजनाथरावांनी सवयीनं विचारलं, "भाडं किती?"

"काही नाही नाना, फुकट असतं."

फुकट हा शब्द ऐकताच खाटेवर रेललेले वैजनाथराव उठून बसले.

"फुकट म्हंजे? पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याला आमी फुकट न्यायचो, पन त्याचंबी शून्याचं तिकीट फाडावं लागायचं. का? तर त्याचे पैसे माघारून सरकार भरायचं. गाडी डिझेलवर चालती पोरी, आशीर्वादावर न्हाई. मग ह्या गाडीचं डिझेल कोन भरतं?"

रोहिणीला परीक्षेत कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. तिनं मोबाईलवर मिळतील ते ब्राउजर उतरवून घेतले, बाकीच्यांची चित्रं दाखवली, आणि कुणाच्या मागे कोण आहे ते सांगत गेली. वैजनाथरावांना कंपन्यांची नावं लक्षात राहिनात, पण चित्रं राहिली. रंगीत चकतीचं चित्र होतं ते जाहिराती दाखवून पैसा मिळवणाऱ्या कंपनीचं. माणूस काय शोधतो हे जितकं कळेल तितकी तिची जाहिरात महाग. निळ्या लाटेचं होतं ते कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सिस्टीम विकणाऱ्यांचं. कॉम्प्युटर घेतला की ते आधीच आत बसलेलं असतं आणि दुसऱ्याला आणायला निघालं की दारात आडवं येतं. होकायंत्राचं होतं ते महागड्या फोनवाल्यांचं. त्यांचा गल्ला फोनवरच भरतो, म्हणून ते चोरून बघत नाही म्हणतं, पण त्यांचा फोन घेतला तरच घरात येतं. कोल्ह्याचं होतं ते धर्मादाय संस्थेचं. सिंहाचं होतं ते दुसऱ्यांच्या जाहिराती अडवणारं, आणि हळूच स्वतःच्या दाखवणारं.

कोल्हा वैजनाथरावांना आवडला. धर्मादाय म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कारही केला. मग रोहिणीनं सांगितलं की कोल्ह्याला बहुतेक पैसा चकतीवाल्यांकडूनच येतो. त्यांची शोधपेटी पुढे ठेवायची, त्याचा मोबदला.

"म्हंजे त्यांच्याच ताटात जेवतो, आन त्यांच्यापासनं तुमाला वाचवतो म्हनतो," वैजनाथराव म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. गरीब घरचं पोर मोठ्या घरी शिकायला राहिलं, तर त्याच्याबद्दल माणूस जसं बोलेल तसं ते बोलले.

रोहिणी नगरला गेली आणि वैजनाथरावांना काम लागलं. शिंगणापूर इथून जवळच. तिथं घरांना दारं नाहीत तरी कुणी आत डोकावत नाही, आणि इथं फोनला अंगठ्याचं कुलूप असून म्हणे कुणीतरी आत बघतं. पण ऐकीव माहितीवर केस होत नसते, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. एसटीत कंडक्टरवर संशय आला की तपासणीवाले साध्या कपड्यातला प्रवासी बसवायचे. तसेच आपणही बसवायचे, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक ब्राउजरमध्ये एक खोटी गोष्ट शोधायची, दर वेळी वेगळी. मग ज्या गोष्टीची जाहिरात येईल, तो ब्राउजर चुगलखोर. फक्त ती गोष्ट अशी पाहिजे की जिचा या घराशी जन्मात संबंध येणार नाही.

कोल्ह्याला त्यांनी उंट दिला. एका बोटानं त्यांनी टाईप केलं, 'पाळायला उंट कुठे मिळेल'. सिंहाला होडी दिली, कारण घरात कुणाला पोहता येत नव्हतं. चकतीला काय द्यावं, ते सुचेना. ते अंगणात फिरले, गाईच्या पाठीवर हात फिरवला, आत दोघी जावा कशावरून तरी हसत होत्या ते ऐकलं. आणि मग, या घरात कधीच न होणारी गोष्ट त्यांना सुचली. त्यांनी टाईप केलं, 'भावाभावांची वाटणी वकील नगर'. लिहिताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. घरात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तपासणीची गाडी सांगून आली तर ती तपासणी कसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघंही टीव्हीपुढे बसले होते. एका महाराजांचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांनी हात वर केला, टाळ थांबले, आणि आता दृष्टांत येणार तेवढ्यात पडद्यावर काळा कोट घातलेला माणूस आला. तो हसतमुखानं म्हणाला, भावाभावांत वाटणी करायची आहे? वाद नको, उशीर नको, आमच्याशी बोला.

भागिरथीनं रिमोट शोधला, तो सापडेना. राजेश्वरीनं पदर सारखा केला. सहादेवनं मोठ्या भावाकडे पाहिलं. वैजनाथरावांचा चेहरा उजळला होता. बिनतिकिटाचा प्रवासी मागच्या सीटखाली सापडावा तसा. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि स्वतःशीच पुटपुटले, "आली."

सहादेवनं तो शब्द ऐकला. त्याहून वाईट म्हणजे, त्यानं ते हसू बघितलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी कीर्तनात उंट आला. राजस्थानातला कुणी फेटेवाला उंटिणीचं दूध किती गुणकारी ते सांगत होता. उंट गेला तशी होडी आली, दोन माणसं वल्ही मारत तळ्यातून चालली होती. वैजनाथराव प्रत्येक वेळी मान हलवत होते, आणि मधूनच भुवया चढवत होते, कारण त्यांच्या हिशोबात तिघंही चुगलखोर निघत होते. कोल्हासुद्धा. कोल्ह्याचं त्यांना वाईट वाटलं.

सहादेवनं मात्र गोठ्यात धार काढता काढता सगळं जुळवलं. राजेश्वरी वैरण टाकत होती. तो गाईच्या पोटाआडूनच बोलला.

"दादांना वेगळं व्हायचंय."

"कोन म्हनलं?"

"टीव्ही म्हनला. आन दादा हासले."

राजेश्वरी वैरणीचा भारा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं विचारलं, वाटणीचं कळलं, पण उंट कशाला? सहादेवला तेही उमगलं होतं. शिंगणापूरला येणाऱ्या लोकांना उंटावर बसवून फिरवायचं, आणि मुळा धरणावर होडी टाकायची.

"दादांनी जलमभर मानसं न्हेली-आनली गं. रिटायर झाल्यापासनं त्यांचा जीव रमत न्हाई. गाडी गेली हातातनं, म्हनून उंट."

"मग त्यापायी वेगळं कशाला व्हायचं? आपल्या गोठ्यात उंट मावनार न्हाई व्हय?"

"धाकट्याच्या मानेवर वझं नको, आसं वाटत आसंल त्यांना."

हे बोलताना सहादेवचा आवाज असा झाला की गाईनंही मान वळवून पाहिलं. त्याला विचारता आलं असतं. पण मोठ्या भावाला, तुम्हाला आमच्यातून निघायचंय का, असं विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं. दादांच्या तोंडून तो शब्द निघूच नये, असं त्याला वाटलं. त्यांना मागावंच लागू नये. आपणच सगळं आधी करून ठेवावं, म्हणजे ते नुसते उठून पलीकडे बसतील, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही.

वैजनाथराव निवृत्त कामगारांच्या मेळाव्याला नेवाशाला गेले, त्याच दिवशी सहादेवनं गवंडी आणला. मागच्या पडवीत ओटा उठला. त्यावर फरशी बसली, कालव्याच्या बाजूला एक खिडकी निघाली, आणि सोनईच्या बाजारातून नवी शेगडी आली. भागिरथीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सणावाराला बरं पडतं. आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता बाहेर गेला.

संध्याकाळी वैजनाथराव परतले, हातपाय धुवायला मागे गेले, आणि ओल्या सिमेंटच्या वासात उभे राहिले. समोर दुसरी शेगडी होती. एका घरात दुसरी शेगडी म्हणजे काय, हे सोनईत लहान पोरालाही कळतं. पाय धुवायचे राहिले. ते तसेच अंगणात येऊन खाटेवर बसले. उंट, होडी, कोल्हा, चकती, सगळं त्यांच्या डोक्यातून उडून गेलं.

भागिरथी पाणी घेऊन आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "सहादेवला वेगळं व्हायचंय."

"तरीच," भागिरथी खाटेच्या कडेला टेकली. "राजी दोन दिस झालं माझ्याशी धड बोलंना. मला वाटलं, दाढ दुखत आसंल."

"त्याला काई म्हनू नको. त्याच्या मनात आलं आसंल तर आपन आडवं याचं न्हाई. चांगलं चांगलं त्याला जाऊ दे. लहान हाय."

लहान म्हणजे सहादेवच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या.

मग त्या घरात इतकी माया सुरू झाली की कुणाला जेवण जाईना. दूध आलं की सहादेव पहिला तांब्या दादांपुढे ठेवायचा, दादा तो त्याच्याकडे सरकवायचे, आणि दुधावर साय धरायची. भागिरथीनं तिच्या लग्नातला तांब्याचा हंडा गुपचूप नव्या ओट्यावर नेऊन ठेवला, धाकटीला असू दे म्हणून. राजेश्वरीनं तो जुन्या ओट्यावर आणून ठेवला, थोरलीचा मान म्हणून. सकाळी हंडा इकडे, दुपारी तिकडे. दोघी एकमेकींना दिसल्या की दुसरीकडे बघायच्या. भागिरथीची ओवी बंद झाली होती. तवा तापायचा, पण गुपचूप.

आता वाटणी म्हटली की सोनईच्या त्या भागात काकासाहेबांशिवाय होत नसे. काकासाहेब या दोघांचे भाऊबंद. खिशात मोजपट्टी, तोंडात सुपारी. पुष्कळ बांधांवरून त्यांची पट्टी फिरली होती. भांडण जितकं मोठं तितका त्यांना हुरूप यायचा. त्यांच्याकडे आधी सहादेव गेला आणि म्हणाला, विहिरीकडचं रान दादांना जाऊ द्या, पण मी सांगितलं असं कळू देऊ नका. तो गेला आणि तासाभरात वैजनाथराव आले. तेही म्हणाले, विहिरीकडचं रान सहादेवला जाऊ द्या, पण माझं नाव घेऊ नका. काकासाहेबांची सुपारी तोंडातच राहिली. एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढे लोकांनी घेण्यासाठी कुऱ्हाडी काढल्या होत्या. देण्यासाठी कुणी चोरून आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते येऊन ओसरीवर बसले. त्यांना जुन्या शेगडीवरचा एक चहा आला आणि नव्या शेगडीवरचा एक चहा आला. दोन्ही पिऊन त्यांनी पट्टी बाहेर काढली. बायका मागे पडवीतल्या नव्या ओट्याशी जाऊन बसल्या होत्या, पण दार उघडं होतं.

"विहिरीकडचं रान कुनाला?" काकासाहेबांनी सुरुवात केली.

"दादांना," सहादेव म्हणाला.

"सहादेवला," वैजनाथराव म्हणाले.

"म्हंजे दोघांनाबी नको?"

"नको."

"मग मला ठेवू का?"

काकासाहेबांनी पट्टी उलगडली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. ते म्हणाले की भांडण असेल तर मी मिटवतो, पण इथं भांडणच नाही तर मिटवायचं काय? कुणीतरी एकानं निदान एक तरी गोष्ट मागा. त्यावर दोघं भाऊ आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. शेवटी सहादेवच्यानं राहवेना.

"दादा, तुमी विहिरीकडचंच घ्या. हट नका धरू. उंटाला पानी कुठनं पाजनार तुमी?"

"कुनाच्या उंटाला?"

"तुमच्या."

वैजनाथरावांनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी वैजनाथरावांकडे पाहिलं.

"आन होडीचं म्हनाल तर," सहादेव तसाच पुढे बोलत राहिला, "ट्रॅक्टरवर घालून धरनावर मी न्हेऊन दीन. वेगळं झालो म्हनून काय झालं. तेवढं तर करीनच मी."

वैजनाथरावांचं तोंड थोडं उघडलं. मग बराच वेळ उघडंच राहिलं. त्यांच्या डोक्यात एकेक डबा जोडला जात होता, आणि शेवटचा जोडला गेला तेव्हा ते जागेवरून उठले, सहादेवच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले, आणि म्हणाले,

"आरं, उंट मी कोल्ह्याला दिल्ता."

काकासाहेबांनी पट्टी हळूच खिशात घातली आणि दाराकडे सरकून आत विचारलं की, वहिनी, दादा उन्हात लई फिरले का. पण वैजनाथराव आता थांबणार नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. शून्याचं तिकीट, डिझेल, साध्या कपड्यातला प्रवासी. कोल्ह्याचा उंट, सिंहाची होडी, आणि चकतीची ती तिसरी गोष्ट, जी त्यांनी या घरात कधीच होणार नाही म्हणून मुद्दाम निवडली होती.

"मग तुमी हासला का?" सहादेवचा आवाज फुटला.

"सापडला म्हनून हासलो रे. चोर सापडला म्हनून. तू ओटा कशाला घातला?"

"तुमाला मागायला लागू ने म्हनून."

काकासाहेबांनी नवी सुपारी तोंडात टाकली.

मग वैजनाथरावांना आपली तपासणी आठवली. त्यांनी रोहिणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिघंही चुगलखोर कसे निघाले, आणि कोल्हा धर्मादाय असून असा कसा वागला, हा त्यांचा सवाल होता. रोहिणीनं आधी विचारलं की शोधण्याआधी कुठं खातं टाकलं होतं का.

"इचारलं त्यांनी. तू काढून दिलेलं खातं टाकलं. इचारल्यावर सांगू नको का?"

"तिन्हीत एकच?"

"माझं हायच एक."

पलीकडून रोहिणीचा हसू दाबल्याचा आवाज आला. मग तिनं त्यांच्याच भाषेत समजावलं. नाना तीन वेगवेगळ्या गाड्यांतून गेले, पण तिन्ही गाड्यांतून उतरले एकाच ठिकाणी, आणि दारात स्वतःचा पास दाखवून आत गेले. तो पास चकतीवाल्यांचाच होता. घरच्या टीव्हीलाही तोच पास लावलेला. मग कोल्ह्यानं आणि सिंहानं काचा कितीही झाकल्या, तरी उपयोग काय. नाव तर नानांनी स्वतः सांगितलं होतं.

"म्हंजे कोल्हा निर्दोष हाय," वैजनाथराव म्हणाले. त्यांना त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

"यात तरी आहे. बाकी प्रत्येकाला पोट आहेच, नाना. कुणाचं आपल्या माहितीवर भरतं, कुणाचं फोन विकून. कोणाला किती वाढायचं, ते आपण बघायचं."

फोन ठेवल्यावर वैजनाथरावांनी मोकळा श्वास घेतला. मोठ्या भावाचा जुना आवाज त्यांच्या घशात परत आला. ते म्हणाले, सहादेवा, गवंड्याला सांगावा धाड, उद्या तो ओटा फोडून टाकू आणि शेगडी परत करू. सहादेव लगेच उठला. काकासाहेबही चप्पल शोधायला लागले. या घरात आपला धंदा होणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

"ओटा फुटायचा न्हाई," पडवीतून भागिरथीचा आवाज आला.

ती दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे राजेश्वरी. दोघींचे डोळे रडून लाल होते, पण दोघींच्या हातात चहाचे कप होते, आणि तो चहा त्यांनी कुणी मागितल्याशिवाय, फक्त स्वतःसाठी केला होता. नव्या ओट्याच्या खिडकीतून कालव्यावरचा वारा येत होता. त्या खिडकीशी बसून आधी त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. मग रडता रडता राजेश्वरीच्या लक्षात आलं होतं की दार लावलं तर इथं टीव्हीही ऐकू येणार नाही. आणि भागिरथीच्या लक्षात आलं होतं की इतक्या वेळात कुणी, चहा टाका गं, म्हणालं नाही.

"वाटनी व्हनार," भागिरथी म्हणाली.

"कुनाची?" वैजनाथरावांनी घाबरून विचारलं.

"आमची आन तुमची. नवा वटा आमा जावांचा. जुना वटा तुमा भावांचा. लई माया हाय ना एकमेकांवर, मग आता एकमेकांला करून घाला. त्यो वाढंल तुमाला, तुमी वाढा त्याला."

"बाई म्हनत्यात ते बरोबर हाय," राजेश्वरी तिच्या खांद्याआडून म्हणाली. थोरल्या दिरासमोर ती एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. "आन हंडा आमच्याकडं."

काकासाहेबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. त्यांनी चप्पल काढली, पट्टी काढली, आणि खऱ्या वाटणीला बसले. तवा, परात, चिमटा, पोळपाट, मिसळणाचा डबा, सगळं ओसरीवर आलं. परातीवरून चांगली तासभर घासाघीस झाली. पुरुषांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, कारण घरात कोणतं भांडं कशाला लागतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना एक काळा तवा आणि एक झारा आला. झारा कशाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्या संध्याकाळी जुन्या ओट्यापुढे दोघे भाऊ उभे होते. सहादेवच्या कोपरापर्यंत पीठ होतं. वैजनाथरावांनी भाकरी थापली, ती तव्याच्या वाटेवरच दोन ठिकाणी फाटली. दुसरी तव्यापर्यंत पोचली, पण फुगली नाही. त्यांनी पीठ लागलेल्या बोटानं मोबाईल उघडला.

"कुनाला इचारू रे? कोल्हा भला हाय, पन त्याला भाकरीचं काय ठावं."

"चकतीला इचारा."

"ती टीव्हीला सांगंल."

"सांगू द्या दादा. भूक लागली."

वैजनाथरावांनी खात्यासकट विचारलं. 'भाकरी का फुगत नाही.' मग 'तवा किती तापवावा.' मग थोडा वेळ मोबाईल ओट्यावर नुसता पडून होता, आणि मग पुन्हा कुणीतरी घाईनं, एकही अक्षर धड न लिहिता, काहीतरी विचारलं.

बैठकीत दोघी जावा टीव्हीपुढे बसल्या होत्या. पुरुष चुलीपुढे असताना टीव्हीपुढे बसायची त्यांची ही पहिलीच खेप, त्यामुळे आपण पाहुण्या आल्यासारखं त्यांना वाटत होतं. कीर्तन रंगात आलं, महाराजांनी हात वर केला, आणि पडद्यावर एक पांढऱ्या कपड्यातली बाई आली. तिच्या हातात मलमाची नळी होती. हात भाजलाय का, तिनं कळवळून विचारलं.

भागिरथीनं राजेश्वरीकडे पाहिलं.

"कुनाचा भाजला आसंल गं?"

"दोघांचाबी, बाई. एकानं तवा धरला आसंल, आन दुसऱ्यानं त्याचा हात."

भागिरथी काही न बोलता उठली. अंगणातल्या कुंडीतलं कोरफडीचं पान तिनं तोडलं. राजेश्वरी पडवीत गेली आणि नव्या ओट्यावर फडक्यानं झाकून ठेवलेली दुरडी घेऊन आली. दोघी जुन्या चुलीकडे निघाल्या. फडक्याखाली भाकरी अजून गरम होत्या, आणि त्या चौघांपुरत्या होत्या.